चार कार्डं, आठ वादक आणि बाबांचे दात

१ नोव्हेंबर, गुरुवार

डेंटिस्ट बाईंनी तारीख दिली. वीस, मंगळवार, सकाळी दहा. बाबांचे वरचे समोरचे चार दात काढायचे. हिरड्या आतून गेल्यात, आणखी ताणलंत तर शेजारचेही जातील म्हणाल्या. बाबांनी एकच विचारलं, नंतर ट्रंपेट वाजेल का? बाई म्हणाल्या, हाताने वाजणारं काहीतरी शिका.

 घरच्या जिन्यात बाबा म्हणाले, हाताने वाजणारं दादाकडे आहे. (म्हणजे काकांकडे. बँडमध्ये मोठा ड्रम त्यांचा.)

ट्रंपेट ओठांनी वाजते हे खरं, पण ओठ टेकतात समोरच्या दातांवर. दात गेले की तो आवाज गेला. कवळी लावून लोक वाजवतात, पण ते नुसतं वाजवणं, असं कॅप्टन म्हणाले. कॅप्टन म्हणजे बँडचे प्रमुख, क्लॅरिनेटवाले. त्यांना खोटा धीर देता येत नाही.

बँडला सव्वीस वर्षं झाली. आठ माणसं, शेकडो मिरवणुका, आणि रेकॉर्डिंग एकही नाही! मला ही गोष्ट आजवर खटकली कशी नाही?

संकल्प: वीस तारखेच्या आत 'सकाळची चाल' रेकॉर्ड करायची. कॅप्टननी स्वतः बांधलेली चाल, तीन मिनिटं दहा सेकंदांची, मध्ये बाबांची एकट्याची ट्रंपेट. मी घरातली पहिली पदवीधर. तीही इलेक्ट्रॉनिक्सची. मी नाही करायचं तर कुणी करायचं?

धाकटी म्हणाली, मोबाईल ठेव मध्ये आणि दाब बटण. बारावीत आहे, तिचा दोष नाही.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

शुभशकुन! ज्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी असिस्टंट आहे, तिथे चार डिजिटल साउंड कार्डं भंगारात निघाली होती. सरांची रीतसर सही घेऊन आणली. सर म्हणाले, बरं झालं, कपाट रिकामं होईल. त्यांना कल्पना नाही त्यांनी काय दिलंय.

एका कार्डाला दोन माईक लागतात. चार कार्डांना आठ. वादक आठ. इतकं चपखल जुळलं की मला भरून आलं.

चारही कार्डं घरच्या एकाच कॉम्प्युटरमध्ये बसवली. झाकण लागत नाही. हरकत नाही, हवा खेळती राहील.

इतर बँडवाल्यांनाही हे करता यावं म्हणून एक मार्गदर्शक पुस्तिका लिहायला घेतली: 'चार कार्डं, एक कॉम्प्युटर: कुणालाही जमेल'. प्रस्तावना पूर्ण. आभारही लिहून झाले.

३ नोव्हेंबर, शनिवार

व्यवस्था ठरली. चार कार्डं, चार खोल्या, प्रत्येक खोलीत दोन वादक. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरता कामा नये. सव्वीस वर्षं साइड ड्रम मोठ्या ड्रमखाली दबलाय. हा अन्याय आता पुरे. बाहेरच्या खोलीत दोन्ही ड्रम, तेही मध्ये कपाट आडवं लावून. आतल्या खोलीत सॅक्सोफोन दोन. स्वयंपाकघरात कॅप्टन आणि त्यांचा जोडीदार, दुसरा क्लॅरिनेटवाला. बाथरूममध्ये बाबा आणि दुसरी ट्रंपेट. सगळ्या दारांना आणि भिंतींना गाद्या. एकमेकांना ऐकण्यासाठी प्रत्येकाला हेडफोन, कॉम्प्युटरमधून.

आईने विचारलं, झोपायचं कशावर? म्हटलं, सतरा दिवसांचा प्रश्न आहे.

संध्याकाळी सॉफ्टवेअर उघडलं आणि धक्का बसला. प्रत्येक कार्डापुढे विचारतात: 'मास्टर' की 'स्लेव्ह'? मालक की गुलाम! आजच्या काळात! मी क्षणभरही विचार न करता चारही कार्डांना मास्टर केलं. आमच्या घरात कुणी गुलाम नाही. पुस्तिकेत यावर वेगळं प्रकरण.

४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ९. सगळे वेळेवर हजर. कडक इस्त्रीचे बँडचे कपडे घालून आले. मी म्हटलं, इथे कुणी बघणार नाही. कॅप्टन म्हणाले, आम्ही तर बघणार ना.

दुपारी १. पहिला प्रयत्न. निष्कर्ष नोंदवून ठेवते.

एक: रेकॉर्डिंगमध्ये मध्येच टक् टक् असे आवाज. दोन: ट्रंपेट ड्रमच्या मागे. चांगली अर्धा सेकंद मागे. सॅक्सोफोन कुठेच नाही, म्हणजे आहेत, पण दुसऱ्याच गावाला निघालेत. तीन: पाय. हे सगळे बसल्या बसल्या पाय आपटतात! सव्वीस वर्षं चालत वाजवलंय, त्यामुळे ढुंगण टेकलं की पाय चालायला लागतात. तो धप् धप् आवाज माईकमध्ये जातो. सगळ्यांना सांगितलं, पाय हलवायचे नाहीत. काका म्हणाले, पाय थांबले की माझा हात झोपतो. त्यांना बूट काढायला लावले.

बाबा तीनदा पूर्ण वाजवू शकले. तिसऱ्यांदा झाल्यावर नळाखाली तोंड धरून बराच वेळ उभे होते. मला म्हणाले, छान व्यवस्था केलीस, इथे पाणी हाताशी आहे.

दोष अर्थातच कार्डांचा. जुनी आहेत. चारही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे आता काम काय ते स्पष्ट झालं: कार्डं सिंक करणे. बस.

५ नोव्हेंबर, सोमवार

टक् टक् वर उपाय सापडला. 'बफर' नावाची सोय असते. आवाज आत आला की कॉम्प्युटर तो थोडा वेळ हातात धरून ठेवतो, मग पुढे देतो. जितका जास्त वेळ धरेल तितकी धांदल कमी. बफर दुप्पट केला. टक् टक् निम्मी झाली. विज्ञान!

६ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा काम करतात त्या छापखान्यात त्यांनी सगळ्यांना सांगितलंय की आमची पोर बँडची रेकॉर्ड काढतेय. मशीनवाल्यांनी, बाइंडरनी, सगळ्यांनी एकेक कॉपी मागितली. बाबा म्हणाले, वीस तरी लागतील बघ. मी म्हटलं, चाळीस काढू.

७ नोव्हेंबर, बुधवार

रेडिओवाल्यांकडे गेले. कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान, स्टुडिओत नोकरी केलेला माणूस. मला 'पदवीवाल्या बाई' म्हणतात. मी दुर्लक्ष करते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, प्रत्येक कार्डात एक स्फटिक असतो, तोच त्याचं घड्याळ. सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा मोजायचं काम त्याचं. पण कोणताही स्फटिक दुसऱ्यासारखा मोजत नाही. तुम्ही चौघांना चार घड्याळं देऊन ठेवलीत, आता कुणाची वेळ खरी, ते सांगा. एकाने मोजायचं आणि बाकीच्या तिघांनी त्याचं ऐकायचं. एकच मास्टर. दुसरा मार्ग नाही.

मी शांतपणे म्हटलं, म्हणजे वर्षानुवर्षं जे चालत आलं तेच का? ते म्हणाले, बाई, ही कार्डं आहेत, ग्रामपंचायत नाही.

बुरसटलेले विचार. पण माणूस अनुभवी आहे हे मान्य करायला हवं.

८ नोव्हेंबर, गुरुवार

रात्रभर तळमळ. (गादीही नाही.) सकाळी तोडगा सुचला. मास्टर एकच, पण आळीपाळीने! सोमवारी पहिलं कार्ड, मंगळवारी दुसरं, असं. कुणाची मक्तेदारी नको. एकाच्या डिजिटल आउटमधून दुसऱ्याच्या डिजिटल इनमध्ये वायर, तिथून तिसऱ्याच्या, मग चौथ्याच्या. वायरी रेडिओवाल्यांनी तयार करून दिल्या, घरी येऊन मी लावल्या. आळीपाळीची योजना सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.  पटलं असावं.

बाबांचा गाल उजवीकडून जरा सुजल्यासारखा. म्हणाले, झोपेत दाबला गेला. फरशीवर झोपल्यामुळे असेल.

११ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ८:३०. आज अध्यक्षपद पहिल्या कार्डाकडे. खबरदारी म्हणून बफर सगळ्यात मोठा केला, त्याच्यापुढे आकडाच नाही. एक टक् सुद्धा येणार नाही. घरातले सगळे मोबाईल बंद करून आईच्या डब्यात, कारण त्यांची खरखर माईकमध्ये येते. धाकटीने जाहीर निषेध नोंदवला.

दुपारी २. वाईट.

टक् टक् आहेच, तिसऱ्या कार्डावर. आणि मागेपुढे होणं वाढलंय! काका म्हणाले, मी कॅप्टनसाठी थांबतो तर कॅप्टन माझ्यासाठी थांबलेले असतात. कॅप्टन म्हणाले, कानातलं यंत्र आहे की टपाल? दोघांनाही समजावलं की कार्डं अजून जुळलेली नाहीत, एकदा जुळली की सगळं आपोआप जुळेल. फाइलही लांब आली आहे, चार मिनिटं वीस सेकंद. डिस्क हळू चालत असावी.

एकूण चार टेक. चौथ्याच्या मध्यावर बाबांची ट्रंपेट थांबली. मी हेडफोनवरून ओरडले, बाबा, तुम्ही थांबलात की आवाज गेला?  बाथरूममध्ये गेले तर बाबा तोंड पुसत होते. ट्रंपेटच्या ओठांना लावतात त्या टोकावर रक्त. म्हणाले, काही नाही, हिरडीच आहे, ती जाणारच आहे.

आई दारात उभी होती. मला म्हणाली, परीक्षा कॉम्प्युटरची घेतेयस की ह्यांच्या दातांची? मी म्हटलं, आई, हे विज्ञान आहे. आई म्हणाली, मग त्याला सांग घाई कर.

१२ नोव्हेंबर, सोमवार

बँडची बैठक खालच्या पायऱ्यांवर झाली. मला बोलावलं नव्हतं, पण गॅलरीतून ऐकू येतं. काका म्हणत होते, पोरीचं मन मोडू नका. कॅप्टन म्हणत होते, मन नाही मोडत, पण माझी कंबर मोडतेय, त्या ओट्यापाशी स्टुलावर बसून. बाबा म्हणाले, ती शिकलेली आहे, काहीतरी विचार करूनच बसवलं असेल.

हे ऐकून जबाबदारी वाढल्यासारखी वाटली. आठ दिवस उरले. दात म्हणजे दातच, त्यांचा रिटेक नाही.

संकल्प: १) रोज दोन तास फक्त तिसरं कार्ड. २) चिडायचं नाही. ३) बाबांना दुखतंय का हे विचारायचं. ४) क्रमांक तीन आधी करायचं.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

तिसऱ्या कार्डावर पाच तास. चिडले. बाबांना विचारायचं राहिलं.

१४ नोव्हेंबर, बुधवार

कॉम्प्युटर रिक्षात घालून रेडिओवाल्यांकडे नेला. त्यांनी टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत म्हणाले, तिसऱ्याला डिजिटल इन नाहीच आहे. फक्त आउट आहे. त्याला दुसऱ्याचं ऐकूच येत नाही.

आणि मी गेले सहा दिवस वायर कुठे लावत होते? त्यांनी ती जागा दाखवली. ते भोक स्क्रूचं होतं.

मग काय करायचं, असं विचारलं. ते म्हणाले, सोपं आहे. ज्याला दुसऱ्याचं ऐकता येत नाही, त्यालाच मास्टर करायचं. बाकीच्यांना ऐकता येतं, ते ऐकतील.

मी म्हटलं, हा काय न्याय झाला? ते म्हणाले, न्याय नाही, सोय आहे. माझ्या घरी माझी आजी होती अशीच, वीस माणसांचं कुटुंब शिस्तीत चाललं.

निघताना रेडिओवाले आणखी एक बोलले, ते मात्र मला आवडलं नाही. म्हणाले, दोन कार्डं कितीही वेगळी मोजोत, तीन मिनिटांत फार तर सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक पडेल. तुम्ही सांगता तो अर्ध्या सेकंदाचा. तो कार्डांचा नाही. एकदा वाजवणाऱ्यांना एकत्र उभं करून बघा.

म्हणजे दोष बाबांच्या बँडचा? सव्वीस वर्षांच्या बँडवर संशय? मी नमस्कार करून निघाले. रिक्षात डोळ्यांत पाणी आलं. आमच्यासारख्यांच्या घरची माणसं कशी वाजवतात हे लोकांनी न ऐकताच ठरवलेलं असतं. उलट माझ्याकडे आता पुरावा असेल: आठ वेगळे, स्वच्छ, पक्के ट्रॅक.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं! झालं! झालं!

तिसरं कार्ड मास्टर. (तत्त्व म्हणून त्याला मी 'समन्वयक' म्हणते.) स्क्रीनवर प्रत्येक कार्डापुढे एक ठिपका असतो: लाल म्हणजे जुळलेलं नाही, हिरवा म्हणजे जुळलं. संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चारही ठिपके हिरवे. धाकटीला बोलावून दाखवले. ती म्हणाली, छान, आता सिग्नल सुटला.

चाचणीही घेतली. आठही माईक एकत्र ठेवले, एकदा टाळी वाजवली, तासाभराने पुन्हा एकदा. दोन्ही टाळ्या आठही ट्रॅकवर अगदी एका रेषेत. तासाभरात केसाइतकाही फरक नाही. भंगारातल्या चार कार्डांना मी एका वेळेवर आणलं. पदवीचा कागद मिळाला तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

बाबांना सांगायला गेले. ते गालाला बर्फ लावून बसले होते. हातानेच 'शाब्बास' म्हणाले.

१७ नोव्हेंबर, शनिवार

बाबांना ताप. सूज डोळ्यापर्यंत. आईने डेंटिस्ट बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आजच या, काढून टाकू. बाबा म्हणाले, मंगळवार म्हणजे मंगळवार, माझं रविवारी काम आहे. आई माझ्याकडे बघत राहिली. मी बफरकडे बघत राहिले.

गोळ्या दिल्यात. बाबांनी मला हळूच सांगितलं, बाळ, उद्या जोर काढून एकदा होईल. फार तर दोनदा. तू सगळं नीट बघून ठेव. मी वचन दिलं.

संकल्प: उद्या एकच टेक. अचूक.

१८ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ९:१०. सगळे आले. बाबांचा ताप उतरलाय. कोट घातला, पॉलिशने ट्रंपेट घासली. चौथ्या कार्डाचा ठिपका लाल. मग हिरवा. मग लाल. वायर कुठेतरी सैल आहे. सगळ्यांना म्हटलं, पंधरा मिनिटं द्या. घरात उभं राहायला जागा नाही (माईक, गाद्या, वायरी), म्हणून वाद्यं घेऊन सगळे खाली गेले.

९:३५. अजून लाल. खाली रस्त्यावर यांनी वाजवायला सुरुवात केली आहे. चालत. आमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत आणि परत. समोरच्या इमारतीतले लोक गॅलऱ्यांमध्ये आलेत. कुणी शिट्ट्या मारतंय. एक गाडीवाला गाडी बंद करून थांबलाय, हॉर्नसुद्धा देत नाही. आई आणि धाकटी कधी खाली गेल्या ते कळलंच नाही.

वायर सैल असली की टक् असा बारीक आवाज येतो. तो ऐकूनच जागा शोधावी लागते. इथे काही ऐकू येईल तर शपथ! बाबांची ट्रंपेट एकटी सुरू झाली आहे आणि सरळ खोलीत घुसतेय. इतकी लांबून इतकी मोठी कशी येते? खिडकी लावून घेतली. वर गादीही टेकवली.

९:५०. सापडलं! दुसऱ्या वायरचं टोक. चार हिरवे!

१०:०५. सगळे वर आले. घामाघूम. हसतायत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतायत. काका बूट घालूनच आत आले. बाबांच्या तोंडावर रुमाल, त्यावर लाल डाग, पण डोळे हसरे. म्हणाले, दोन दात तर आत्ताच निघाले असते बघ, काय मजा आली! मी म्हटलं, आता मजा नको बाबा, आता शिस्त हवी. बाबा म्हणाले, बरोबर.

१०:३०. हेडफोन, पाय, मोबाईल: सगळं तपासलं. टेक.

१०:४५. झाला. बाबांनी शेवटपर्यंत वाजवलं. एकही टक् नाही. चारही ठिपके अथपासून इतिपर्यंत हिरवे. दुसरा टेक घेऊ म्हणून विचारायला बाथरूममध्ये गेले तर बाबा बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

 कॅप्टन क्लॅरिनेट पुसत बसले होते, पुसून झाली तरी पुसत होते.

संध्याकाळी ५. तपासणी. आठ ट्रॅक, सुरुवात आणि शेवट एका रेषेत. फरक शून्य. शून्य! लांबी मात्र पाच मिनिटं चौदा सेकंद. डिस्क बदलायला हवी. उद्या निवांत ऐकेन.

१९ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी ३. ऐकलं.

पुन्हा ऐकलं.

डिस्क हळू नाही. हेच हळू वाजवतायत. सुरुवात ठीक आहे, चालायला निघाल्यासारखी. मग प्रत्येक ओळीला सगळे थोडे थोडे मागे. काका कॅप्टनसाठी थांबतात, कॅप्टन सॅक्सोफोनसाठी, सॅक्सोफोन काकांसाठी. कुणीच पुढे जात नाही. बाबांची एकट्याची ओळ येते तेव्हा ती ट्रंपेट नाही, कुणीतरी अंधारात जिना चाचपत उतरतंय. तरी एकही सूर चुकलेला नाही.

४:१०. हेडफोन कानाला लावून माईकपुढे टाळी वाजवली. टाळी वाजली. मग पाव सेकंदाने कानात वाजली.

बफर.

मी सगळ्यात मोठा केलेला बफर. कॉम्प्युटर प्रत्येकाचा आवाज पाव सेकंद हातात धरून मग दुसऱ्याच्या कानात सोडत होता. प्रत्येकाला वाटत होतं बाकीचे मागे राहिलेत, म्हणून तो थांबत होता. पायही मी बंद केले होते. ठिपके हिरवे झाल्यावर बफर लहान करता आला असता. तो हिरवा झाल्याच्या आनंदात तसाच राहिला.

५:३०. अजून वेळ गेलेली नाही. कॉम्प्युटरवर वेग वाढवता येतो. वाढवला. तीन मिनिटं दहा सेकंदांवर आणला. बाबांची ट्रंपेट डासासारखी वाजतेय. सूर खाली आणला. आता पाण्याखालचा डास.

६:१५. बाबांना आज एकदाच वाजवायला सांगितलं तर? फक्त त्यांची ओळ, वीस सेकंद. विचारायला गेले. ते भिंतीला टेकून झोपले होते, तोंड उघडं. आईने ओठांवर बोट ठेवलं आणि मग त्याच बोटाने मला दार दाखवलं.

पुस्तिकेतलं 'बफर' हे प्रकरण पुन्हा लिहावं लागेल.

२० नोव्हेंबर, मंगळवार

दात काढले. चार. सव्वा तास लागला. दोन दिवस बोलायचं नाही, हसायचं नाही, गरम काही नाही. बाबांनी दात कागदात बांधून मागितले, डेंटिस्ट बाईंना वाटलं आठवण म्हणून. बाबांनी लिहून दाखवलं: सव्वीस वर्षं कामाला होते, असं टाकून कसं देऊ.

कुणी रेकॉर्डिंगचं विचारलं नाही. गाद्या काढल्या. भिंतींवर खिळ्यांची भोकं.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी कॅप्टन आणि काका बाबांना बघायला आले. बाबांनी वहीवर लिहिलं: ऐकव. मी म्हटलं, अजून थोडं काम बाकी आहे, पुढच्या आठवड्यात. बाबांनी तोच शब्द पेनने गिरवून जाड केला. ऐकव.

लावलं. सगळे खुर्च्या पुढे घेऊन बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात. कॅप्टन गुडघ्यावर बोटाने ताल धरून होते, दुसऱ्या मिनिटाला बोट थांबलं. काका जमिनीकडे बघत राहिले. पाच मिनिटं चौदा सेकंद. बाबांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग वहीवर लिहिलं आणि वही सगळ्यांना दिसेल अशी धरली.

'कोण वारलं?'

काका फुटलेच. मग कॅप्टन. आईने तोंडात पदर कोंबला. बाबांना हसायची बंदी, ते दोन्ही गाल धरून नुसते हलत होते, डोळ्यांतून पाणी.

मी हसले नाही. मी सांगितलं. बफर, पाव सेकंद, पाय, सगळं. कार्डं ठीक होती, तुम्हीही ठीक होतात, चूक माझी होती. असं वाक्य मी आजवर कधी म्हटलं नव्हतं. वाटलं होतं तितका वेळ लागला नाही. कॅप्टननी विचारलं, म्हणजे कानातलं काढून वाजवलं असतं तर? मी म्हटलं, हो. कॅप्टन 'अच्छा' म्हणाले आणि छताकडे बघायला लागले.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग पान उलटून बराच वेळ लिहीत होते. वाटलं, काहीतरी समजुतीचं लिहीत असतील.

'असू दे. होतं असं. आता ते रस्त्यावरचं लाव. माईक तर सगळे चालूच होते.'

काकांनी वाचलं आणि खुर्ची आणखी पुढे ओढली. कॅप्टनही सावरून बसले. आई आत येऊन गादीवर टेकली.

मी सांगितलं, मी खिडकी लावून घेतली होती.